नसल्याचा दाखला

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता एक लेखक आमच्या कक्षात आले आणि आपल्याला भविष्यकाळाची नोंद करून हवी आहे, असे म्हणाले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, पिशवीत तीनशे चाळीस पानांचे हस्तलिखित होते आणि ते उघडे पडू नये म्हणून त्याला दोन रबरे लावली होती. मी त्यांना बसायला सांगितले. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मागच्या वर्षीच्या फायली बसल्या होत्या, त्यामुळे ते उभेच राहिले.

आमच्या कक्षाचे नाव भविष्य पडताळणी कक्ष. दुसऱ्या मजल्यावर वजनमापे विभाग आणि बंद पडलेली लिफ्ट यांच्या मधली खोली ती आमची. साहेब, मी आणि एक लोखंडी कपाट एवढाच कर्मचारीवर्ग. मी वरिष्ठ लिपिक आहे. कनिष्ठ कोणीच नसताना तुम्ही वरिष्ठ कसे, असे माझी बायको अधूनमधून विचारते. तिला कार्यालयीन रचना समजत नाही.

कक्ष स्थापन होण्याचे कारण अगदी साधे होते. एका गृहस्थाने एक विज्ञानकथा विकत घेतली. मुखपृष्ठावर 'शंभर वर्षांनंतरच्या जगाची थरारक कहाणी' असे छापले होते आणि आत नायक आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी बोलत होता. त्या गृहस्थाचा जावई त्याच आठवड्यात सासुरवाडीला आला आणि जेवताना पूर्ण वेळ मनगटावरच्या घड्याळाशी बोलला. भविष्यकाळ म्हणून चालू वर्तमानकाळ गळ्यात मारल्याची तक्रार त्यांनी दाखल केली. चौकशी झाली. बाजारातल्या बहुतेक विज्ञानकथांमधले भविष्य शिळे असल्याचे आढळले. काहींचे तर छपाई चालू असतानाच घडून गेले होते. ग्राहकाची अशी फसवणूक होऊ नये म्हणून आम्ही अस्तित्वात आलो.

नियम सोपा आहे. कथेत जी जी कल्पित गोष्ट असेल तिची यादी लेखकाने परिशिष्ट 'क' मध्ये द्यायची. आम्ही संबंधित विभागाला पत्र पाठवतो. ती गोष्ट आपल्याकडे अस्तित्वात नाही असा दाखला विभागाने दिला की पुस्तकावर 'पडताळलेली विज्ञानकथा' असा शिक्का बसतो. किमान एक तरी दाखला हवाच. शिक्का असेल तर ग्रंथालये पुस्तक घेतात, आणि ग्रंथालये घेणार असतील तर प्रकाशक छापतो.

"लिहायला किती वर्षं लागली?" मी विचारले. अर्जात तसा रकाना आहे.

"अकरा."

"आणि कथा कधी घडते?"

"आजपासून दीडशे वर्षांनी."

"म्हणजे लिहायला घेतलीत तेव्हा एकशे एकसष्ट वर्षांचं अंतर होतं," मी म्हणालो. "अकरा वर्षं तुम्ही घरीच वापरून टाकलीत."

ते ओशाळले. माणूस साधा होता. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी प्रकाशकाचे पत्र पुढे केले. वर्षअखेरीपर्यंत शिक्का मिळाला तर छापू, नाहीतर हस्तलिखित घेऊन जावे, असे त्यात होते.

"प्रकाशक म्हणतात सध्या तीनच प्रकार चालतात," लेखक म्हणाले. "एक, जग बुडतं. दोन, हे सगळं आपल्या पूर्वजांकडे होतंच. आणि तीन, यंत्राने जेवणाच्या सुट्टीत लिहून काढलेलं."

"तुमचं यातलं कोणतं?"

"माझ्यात जग चालू राहतं."

मी मान हलवली. असले अर्ज हमखास अडकतात. जग बुडण्याच्या कथेला आमच्याकडे काहीच त्रास नाही. जग बुडाल्यावर दाखला द्यायला विभागच उरत नाही, तेव्हा तो मिळाला असे समजण्यात येते. पूर्वजांच्या कथेत भविष्यच नसते, त्यामुळे ती थेट पुढे जाते. यंत्राचे तर विचारू नका. ते दिवसाला तीस अर्ज करते, आम्ही काढलेल्या शंकांना आपणच उत्तर देते आणि कधीही समक्ष येऊन उभे राहत नाही. साहेब त्याला आदर्श अर्जदार म्हणतात.

लेखकांनी तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर वाकून, परिशिष्ट भरले. सतरा कल्पना निघाल्या. मी सतरा पत्रे टंकित केली आणि जावक नोंदवहीत चढवली.

इथे सर्वसामान्य माणसाचा एक गैरसमज होतो. त्याला वाटते, नसलेल्या गोष्टीला 'नाही' म्हणण्यात अवघड काय आहे. पण कोणत्याही विभागाला 'अमुक गोष्ट आमच्याकडे नाही' असे सहीशिक्क्यानिशी लिहून द्यायला सांगून पाहा. उद्या कोणी विचारले, का नाही, तर उत्तर कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा उत्तरे आली ती अशी.

आपले खड्डे आपणच बुजवणारा रस्ता कादंबरीत होता. रस्ते विभागाने कळवले की सदर प्रणाली सर्वत्र कार्यान्वित आहे. खड्डे मातीने आपोआप भरत जातात, मात्र नागरिकांनी पुरेसा कालावधी द्यावा. रुग्णाने तोंड उघडण्यापूर्वीच आजार ओळखणारे दालन होते. आरोग्य विभागाने लिहिले, रुग्णाला बोलू देण्याची पद्धत आमच्याकडे पूर्वीपासूनच नाही. माणसाच्या मदतीशिवाय पत्रे लिहिणारे यंत्र होते. पत्रव्यवहार शाखेचे उत्तर आले की आमची सर्व उत्तरे मूळ पत्र कोणीही न वाचता जातात, हेही त्यातलेच समजावे.

अदृश्य माणसांबद्दल कर्मचारी शाखेला विचारले होते. मंजूर पदे चाळीस, वेतन घेणारे चाळीस, जागेवर दिसणारे अकरा, असा तक्ता त्यांनी अभिमानाने जोडला. चंद्रावरच्या वसाहतीविषयी नगररचना विभाग म्हणाला की आराखडा तयार असून रहिवाशांकडून हरकती मागवल्या आहेत, अद्याप एकही आलेली नाही. आणि भूतकाळात जाण्याच्या यंत्राविषयी निवृत्तिवेतन कार्यालयाने नुसती एक ओळ पाठवली: आमचे सर्व आदेश मागील तारखेपासून लागू होतात.

सतराच्या सतरा गोष्टी अस्तित्वात निघाल्या. मी फाईल साहेबांसमोर ठेवली.

साहेब स्वभावाने मऊ. कोणाचे काम अडले की त्यांना मनापासून वाईट वाटते, आणि वाईट वाटून झाले की ते शेरा लिहितात. कागदाचा विषय वाचायचा आणि मजकूर सोडून द्यायचा, या शिस्तीमुळे त्यांच्या टेबलावर कधी ढीग साचत नाही. त्यांनी लिहिले: 'सदर लिखाणातील सर्व बाबी प्रत्यक्षात असल्याने ही कादंबरी नसून अहवाल आहे. लेखकाने अहवालाच्या विहित नमुन्यात, तीन प्रतींत, पुन्हा सादर करावी.'

लेखक आले, त्यांनी शेरा वाचला आणि चष्मा काढून पुसला.

"पण यातलं काहीही खरं नाही हो. मी आज इथे येताना दोनदा खड्ड्यात पडलो."

"ते तुमचं वैयक्तिक मत झालं," साहेब समजुतीने म्हणाले. "आमच्याकडे कागद आहे. तुम्ही असं करा, वर्ष वाढवा. दीडशे म्हणजे फारच जवळ. सरळ हजार करून आणा."

लेखकांनी हजार केले. तीन महिने खपून त्यांनी रस्त्यांचे अख्खे प्रकरण काढून टाकले, तेवढ्याच पानांचे नवे लिहिले आणि यादी एकवीसवर नेली. झाडांशी बोलणारी माणसे घातली. वनखात्याने कळवले की वृक्षांशी संवाद चालू आहे, तोडण्यापूर्वी प्रत्येक झाडाला रीतसर नोटीस चिकटवली जाते. ज्यात एकही रांग नाही असे कार्यालय घातले. उत्तर आले, साडेपाचनंतर आमच्याकडे एकही रांग नसते. एकवीसपैकी एकवीस. साहेबांनी जुनाच शेरा तारीख बदलून पुन्हा लिहिला आणि मी तो टपालाने पाठवला.

या वेळी लेखक आले नाहीत. त्यांच्या थोरल्या बहीण आल्या.

पंचाहत्तरीच्या आसपासच्या, ताठ चालणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी खुर्चीवरच्या फायली उचलून जमिनीवर ठेवल्या आणि बसल्या. कक्षाच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडले. मग पर्समधून आमचे पत्र काढले, पेन्सिलने त्यातल्या दोन ओळींखाली बारीक खुणा केल्या आणि ते माझ्यापुढे सरकवले.

"सवय आहे," त्या म्हणाल्या. "अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. मी त्याची ताई."

"ते स्वतः आले नाहीत? बरं नाही का त्यांना?"

"तब्येत ठीक आहे. लिहायचं थांबवलंय. सकाळी उठतो, टेबलाशी बसतो, कागद पुढे घेतो आणि तसाच बसून राहतो. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं." थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुम्ही वाचलीत का ती?"

"नियमाप्रमाणे परिशिष्ट वाचलं."

"परिशिष्ट त्याने केलंय. आपल्या लिखाणात नवं काय आहे, हे लिहिणाऱ्याला कधी धड कळत नाही. माझा अनुभव आहे. तुम्ही कादंबरी वाचा. काहीतरी सापडेल."

मी होय म्हणालो. का म्हणालो ते सांगता येत नाही. त्यांच्यापुढे नाही म्हणायला बहुधा माणसाला त्यांच्याइतकी वर्षे लागत असावीत. हस्तलिखित घरी न्यायला परवानगी नाही, म्हणून मी ते डब्याच्या पिशवीतून नेले. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वाचायला घेतले. बायकोने दोनदा येऊन कपाळाला हात लावून पाहिला.

पुढच्या रविवारी पान दोनशे बारावर मला हवे ते मिळाले. चंद्रावरच्या वसाहतीत पाण्याच्या टाकीचा एक राखणदार आहे. गोष्टीत त्याला फारसे काम नाही. तो कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, मिटतो आणि मग बराच वेळ नुसता बसून राहतो. त्याला परीक्षा द्यायची नसते, कोणी सांगितलेले नसते, कुठे बोलायचेही नसते. लेखकांनी हे यादीत घेतले नव्हते, कारण यात विज्ञान काही नाही असे त्यांना वाटले असणार.

खरे म्हणजे मी तिथेच थांबायला हवे होते. काम झाले होते. उरलेली एकशे अठ्ठावीस पाने मी का वाचली, याचा समाधानकारक खुलासा माझ्याकडे नाही. मला ती आवडली, एवढेच सांगतो. टाकीच्या राखणदाराची बहीण परत येते तिथे मला चष्मा काढावा लागला.

सोमवारी मी यादीत बाविसावी बाब वाढवली: 'स्वेच्छेने, विनामोबदला, कोणत्याही सक्तीविना अख्खे पुस्तक अखेरपर्यंत वाचणारा मनुष्य.' आणि पत्रे पाठवली.

त्याच दिवशी दुपारी ग्रंथालय विभागाचा माणूस उत्तर घेऊन हातोहात आला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, या म्हणीवर वाढलेला मी पत्रावरची तारीख दोनदा तपासली. उत्तरात लिहिले होते: 'अशी व्यक्ती आमच्या नोंदीत नाही. पुस्तके नेली जातात व परत येतात. पान चाळीसच्या पुढची पाने कोरी करकरीत असतात. दाखला सोबत जोडला आहे.'

दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. लेखक संघाने कळवले की आमचे सर्व सदस्य लिहितात, त्यामुळे वाचण्याचा प्रश्न उद्भवत नाही. एकमेकांची पुस्तके ते सप्रेम भेट म्हणून स्वीकारतात. समीक्षक मंडळाने खुलासा केला की मलपृष्ठ आणि प्रस्तावना यांवर मत बनते, आणि बनलेले मत पुढे वाचून बिघडवणे योग्य नव्हे. प्रकाशक परिषदेने तर स्वखर्चाने दाखला जाड कागदावर छापून पाठवला. शिक्षण विभागाने विचारले, पुस्तक म्हणजे मार्गदर्शिका का? नसल्यास आमचाही दाखला धरावा. ज्या विभागांना आम्ही विचारले नव्हते त्यांचेही दाखले आले.

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

"कल्पनाशक्ती म्हणतात ती ही," ते म्हणाले. "चंद्रबिंद्र सगळं ठीक आहे. पण असा माणूस सुचायला खरी प्रतिभा लागते. बोलवा त्यांना."

लेखक आणि ताई दोघेही आले. लेखकांनी दाढी केली होती. ताईंनी त्यांच्या शर्टाची कॉलर दारातच सरळ केली. साहेबांनी शिक्का शाईत बुडवला, फाईल उघडली आणि पहिल्यांदाच त्यांची नजर हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर गेली. ती अर्पणपत्रिका होती.

'ताईस. माझी प्रत्येक ओळ जिने शेवटपर्यंत वाचली.'

साहेबांनी शिक्का परत डबीवर ठेवला.

"हे कोण?" त्यांनी विचारले.

"मी," ताई म्हणाल्या.

"तुम्ही शेवटपर्यंत वाचता?"

"हो."

साहेबांना फार वाईट वाटले. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. "नियम नऊ," ते हळूच म्हणाले. "बाब अस्तित्वात असल्याचं एक जरी उदाहरण निघालं, तरी दाखला रद्द. आणि अर्जदाराने प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं, की अशी व्यक्ती माझ्या माहितीत नाही."

"म्हणजे माझी ताई नाही असं मी लिहून देऊ?" लेखक म्हणाले.

"ताई असू द्या हो. ताईला आमची कुठे हरकत आहे? वाचणं नसावं." साहेबांना एकदम काहीतरी सुचले. "आणि तसंही यात मार्ग आहे. बाबीत 'सक्तीविना' असा शब्द आहे. तुम्ही अर्पणपत्रिकेत लिहा, 'ताईस, जिला मी जबरदस्तीने वाचायला लावलं.' झालं. नावही राहील, दाखलाही राहील. भावाने फारच आग्रह केला म्हणून वाचलं, असं ताईंनी दोन ओळींत लिहून दिलं की पुरे."

साहेबांनी इतकी खटपट कोणासाठी केलेली मी पाहिली नव्हती. लेखकांनी आशेने ताईंकडे पाहिले.

"त्याने कधीच आग्रह केला नाही," ताई म्हणाल्या. "उलट लपवून ठेवायचा. मीच काढून घ्यायची. मला आवडायचं म्हणून वाचलं."

"अहो पण फक्त कागदावर."

"कागदावरच तर चूक चालत नाही."

"ताई, लिहून दे ना," लेखक काकुळतीला येऊन म्हणाले. "अडतीस वर्षं तू लोकांची पुस्तकं निस्तरलीस. एकाही पुस्तकात तुझं नाव नाही. कोणी छापत नाही मुद्रितं तपासणाऱ्याचं नाव. हे एक पुस्तक मी त्याच्यासाठीच लिहिलंय. तुझ्या हयातीत तुझं नाव छापलेलं तुला दिसावं, एवढंच हवंय मला."

ताईंनी फाईल आपल्याकडे ओढली आणि ते पान वाचले. बाहेर वजनमापे विभागात कोणीतरी वजने एकावर एक ठेवत होते, त्याचा आवाज येत राहिला.

"'ताईस' लिहिलंयस," शेवटी त्या म्हणाल्या. "नाव कुठे लिहिलंयस?"

लेखकांनी वाकून पान पाहिले.

"आणि नुसतं 'ताई' सुद्धा मला आवडलं असतं," त्या म्हणाल्या. "खोटं सांगत नाही. फार आवडलं असतं. पण तुझं लिखाण मी मारून मुटकून वाचलं, असं छापून आलं तर ते कायमचं राहील. त्यापेक्षा पान कोरं बरं. तू प्रतिज्ञापत्रावर सही कर. तू लेखक आहेस, कल्पित लिहिणं तुझं कामच आहे. मला ते जमणार नाही."

त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली, अर्पणपत्रिकेच्या दोन्ही ओळींवरून एक सरळ रेघ ओढली आणि समासात वगळण्याची ती वळणदार खूण केली. हात अजिबात हलला नाही. चार दशकांची सवय. लेखकांनी सही केली.

प्रतिज्ञापत्राच्या तळाशी आणखी एक सही लागते, छाननी करणाऱ्या लिपिकाची. 'अशी कोणतीही व्यक्ती या कक्षास आढळून आली नाही' या ओळीखाली. मी सही केली. ताई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना कळले होते की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. मला मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही, आणि बायकोने पुन्हा कपाळाला हात लावून पाहिला.

कादंबरी निघाली. सगळ्या ग्रंथालयांनी घेतली. 'विज्ञानकथेचे भवितव्य' या विषयावर परिसंवाद झाला, त्यात पाच वक्ते तिच्यावर बोलले. एकाने रस्त्यांच्या वर्णनाची मुक्तकंठाने स्तुती केली. दुसऱ्याने जग बुडतानाचे प्रसंग अंगावर येतात असे सांगितले. तिसऱ्याने आपल्या पूर्वजांचे दाखले देऊन लेखकाला शाबासकी दिली. लेखक व्यासपीठावर बसले होते आणि प्रत्येक वाक्याला हात जोडत होते. पहिल्या रांगेत ताई मांडीवर पुस्तक ठेवून बसल्या होत्या. त्यांना कोणी बोलायला सांगितले नाही.

महिन्याभराने कार्यालयात माझ्या नावाचे पाकीट आले. आत एक कागद होता, सही नसलेला. पेन्सिलीने लिहिलेली छपाईच्या चुकांची यादी, पान आणि ओळ यांसह. एकूण अकरा चुका, शेवटची पान तीनशे अडतीसवरची. मी माझी छापील प्रत काढून ताडून पाहिली. त्यातल्या नऊ मलाही दिसल्या होत्या. उरलेल्या दोन मी पुन्हा बघितल्या, त्याही बरोबर निघाल्या.

नियमाप्रमाणे हा कागद म्हणजे पुरावा. तो आवक नोंदवहीत चढवून साहेबांपुढे ठेवला की नियम नऊ लागू, दाखला रद्द, शिक्का रद्द आणि ग्रंथालयांतल्या प्रती परत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एकही कागद आवक न करता ठेवलेला नाही. हा ठेवला. माझ्या खणात, खाली घातलेल्या वर्तमानपत्राच्या कागदाखाली. साहेब दर वर्षी फेरपडताळणीच्या वेळी विचारतात, "तो माणूस आढळला का हो कुठे?" आणि मी सांगतो, "नाही साहेब." म्हणजे माझ्या हिशेबी दोन माणसे आहेत. नियमाला एकही चालत नाही.

हे सगळे कुठेतरी नोंदलेले असावे असे वाटले म्हणून मी हे टिपण लिहिले आणि रीतसर साहेबांपुढे ठेवले. त्यांनी विषय वाचला, मजकूर सोडला आणि 'प्रसिद्धीस हरकत नाही' असा शेरा मारला. तेव्हा आता अडचण राहते ती तुमची. जे खड्ड्यांपाशीच कंटाळून निघून गेले त्यांचे आम्हाला काही म्हणणे नाही. जे सुरुवात पाहून शेवट बघायला थेट इथे आले, तेही नियमात बसतात. पण मधले काही न गाळता तुम्ही इथपर्यंत आला असाल, तर कृपा करून गप्प राहा. कक्षाला पत्र लिहू नका, कोणाजवळ बोलू नका. ताईंचे पुस्तक कपाटांत राहू द्या.

कादंबरी कुठे दिसली तर जरूर घ्या. घरी नेऊन वाचायलाही लागा, त्याला कोणाची हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत जाऊ नका. तुम्हाला ते फारसे जड जाईल असे वाटत नाही. मागचे पुस्तक कुठल्या पानावर सोडलेत, तेवढे आठवून पाहा.